शेजारी एक रुपया

जन्मली तेव्हा कोरी होती.
मी नीट पाहिलं होतं.
नारायण पेठेत, तळघरातल्या छापखान्यात
बावीस वर्षं चार रंगांशी नोकरी;
डाग मला आधी दिसतो, माणूस नंतर.

पंधराव्या दिवशी डाव्या पापणीवर
डास चावल्यासारखा ठिपका.
कांचननं पावडर लावली.
महिन्याची झाली तेव्हा तो उठून आला होता,
पिकल्या तुतीसारखा,
आणि मी भिंग लावलं. खरंच लावलं,
लग्नपत्रिकेचे ठिपके ज्यानं तपासतो तेच.
मॅजेंटा शंभर, यलो नव्वद,
काळा शून्य.
कुठली प्लेट सरकली?

आत्याबाई म्हणाल्या,
ग्रहणात हिनं काहीतरी चिरलं असणार.
कांचनला आधी काही आठवेना,
मग आठवतच राहिलं:
कोथिंबीर. अर्धं लिंबू. दुधाची पिशवी, कात्रीनं.
रात्री दोनला ती ओट्याशी उभी,
विळी धूत.

युसूफचाचा रोलर पुसत म्हणाले,
आपण दोघं इथे बसून काय प्रूफ वाचणार?
वाचता येतं त्याला दाखव.

ससूनच्या बाकावर शेजारी एक बाई,
तिच्या मुलाच्या अर्ध्या गालावर
सपाट, जांभळट, जन्मापासूनचा नकाशा.
"हा आपोआप जायचा नाही म्हणाले," ती म्हणाली.
मग दुर्वाकडे बघून, "तुमचा उठावाचा आहे.
तुमचा जाईल."
तिच्या आवाजात हेवा आहे का, मी शोधला.
नव्हता.
तो शोधला याची लाज
अजून पुरती गेलेली नाही.

बोकील बाईंनी बोट दाबलं, सोडलं.
लाल फिका झाला, परत भरला.
"हेमँजिओमा. बारीक रक्तवाहिन्यांची गर्दी झालीय, बस.
कॅन्सर नाही.
काही महिने वाढेल, मग थांबेल,
मग वर्षानुवर्षं सावकाश ओसरेल.
तुम्ही काही केलं म्हणून झालेलं नाही."
"कोथिंबीर?" कांचननं विचारलं.
बाई हसल्या नाहीत.
"कोथिंबीरसुद्धा नाही."

पाठीवर असता तर नुसती वाट पाहिली असती, म्हणाल्या.
पण पापणी जड होऊन मिटून राहिली
तर डोळा बघायला शिकत नाही.
म्हणून थेंब. औषध मूळचं हृदयाचं,
पहिला डोस तिथेच, नाडी मोजत.
घरी आधी दूध, मग थेंब,
उपाशीपोटी कधीच नाही, उलट्या होत असतील तर नाही.
"आणि दर महिन्याला फोटो काढा,
शेजारी एक रुपया धरून.
डोळ्यांवर विश्वास ठेवू नका,
रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही."

हे वाक्य मी मशीनवर चिकटवलं.

चौथा महिना: रुपयाएवढा.
पाचवा: रुपयाएवढाच.
सातव्यात मधोमध राखाडी सांडलेली.
आप्पा बळवंत चौकात उन्हात टांगलेलं पोस्टर
असंच जातं, लाल आधी उडतो,
निळा मागे एकटा राहतो.
आयुष्यभर मी शाई टिकावी म्हणून भांडलो;
त्या वर्षी पहिल्यांदा
उडणाऱ्या रंगाच्या बाजूनं होतो.

बसमध्ये बायका विचारायच्या, भाजलं का हो?
कांचन सुरुवातीला तोंड फिरवायची.
नंतर नंतर सांगायला लागली,
स्वारगेट येईपर्यंत, सविस्तर,
विचारलं नाही त्यांनासुद्धा.

दुर्वा आता साडेचार वर्षांची.
पापणीवर किंचित सैल कातडी उरलीय,
धुतलेल्या रुमालाच्या घडीसारखी.
राहील कदाचित. बाई म्हणाल्याच होत्या.

काल तिनं फोटोंची फाईल काढली,
एकेक उलटत गेली,
स्वतःला ओळखलं की नाही कळलं नाही.
बोट ठेवलं ते नाण्यावर.
"बाबा, हा रुपया कुठाय?"

मी खिसे चाचपले.
चहात गेला असेल गं.
"सगळ्या फोटोंत आहे आणि हरवलास?"
म्हणाली,
आणि दोन्ही डोळे वटारून,
सारखेच उघडे दोन डोळे,
माझ्याकडे बघत राहिली.